ढगाच्या दारातलं पूज्य

“ढगावर चढवायचंय,” असं मी घरात पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा बायको शिडीवर चढलेली होती. माळ्यावरचा बंद पडलेला टेबल-पंखा तिच्या हातात होता.

“काय चढवायचंय?”

“ॲप्लिकेशन. वेब ॲप्लिकेशन. ढगावर म्हणजे क्लाउडवर. शुक्रवारच्या आत.”

“आधी हा पंखा उतरवून घ्या,” ती म्हणाली, “मग काय चढवायचं ते चढवा.”

मी पंखा उतरवून घेतला. त्याची जाळी माझ्या पोटावर आपटली आणि शर्टाला गंजाचा गोल डाग पडला. घरात माझ्या कामाची किंमत काय आहे, हे यावरून वाचकांच्या लक्षात आलंच असेल. तो शर्ट नवा होता, एवढंच नमूद करतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. ‘विभाग’ म्हणजे मी, एक टेबल आणि एक नोंदवही. कोणाची तोटी गळते, कोणाकडे पाणी गढूळ येतं, कोणाकडे येतच नाही, हे सगळं बावीस वर्षं माझ्या अक्षरात त्या वहीत उतरत आलं आहे. गेल्या वर्षी मात्र मला दुर्बुद्धी सुचली. माझा मेव्हणा संगणकाच्या कंपनीत आहे, आणि प्रत्येक कौटुंबिक समारंभात तो माझ्याकडे बघून “भावोजी, अजून वहीतच का?” असं विचारतो. त्या एका प्रश्नाच्या रागापायी मी संध्याकाळचा वर्ग लावला, माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर शेवटच्या बाकावर बसलो आणि तक्रार नोंदवायचं ॲप्लिकेशन बनवलं. घरच्या संगणकावर ते असं सुरेख चालायचं म्हणता! मी माझ्याच नावाने तक्रार करायचो, मीच तिचं निवारण करायचो आणि मीच समाधान व्यक्त करायचो. बावीस वर्षांत मी इतकं चपळ प्रशासन पाहिलं नव्हतं.

हे मनात ठेवायला हवं होतं. मी ते साहेबांना सांगितलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. “बरं झालं तुम्ही हे बनवलंत,” ते म्हणाले. “वरून पत्र आलंय. हाताने नोंदवही लिहिणारी जागा रद्द. ऑनलाइन नोंदणी चालवणारी जागा मंजूर. शुक्रवारी अकरा वाजता मी माझ्या फोनवर तुमचं ते उघडणार. उघडलं, तर नवी जागा तुमची.”

“आणि नाही उघडलं तर, साहेब?”

साहेब उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. “नवं पंपिंग स्टेशन माहितीये ना?” त्यांनी बोट आमच्या कार्यालयावरून खाली आणलं, नदी ओलांडली, रेल्वे ओलांडली. नकाशा संपला तरी बोट थांबेना. शेवटी ते चौकटीखालच्या भिंतीवर, रंगाच्या एका फुगलेल्या पोपड्यावर टेकलं. “साधारण इथे. तिथे माणूस हवाच आहे.” त्यांनी त्यावर टिचकी मारली. पोपडा खाली पडला.

बदली म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला सांगायला नको. बायकोची शाळेतली नोकरी सुटली असती, ते होतंच. पण खरी काळजी होती ती बाबांची. आई गेल्यावर बाबा दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. खिडकीशी बसायचे, हाक मारली की “हं” म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात एक दिवस ते आपणहून उठले, काठी घेतली आणि कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन आले. आता रोज संध्याकाळी जातात. तिथे त्यांच्यासारखेच तिघे आहेत. चौघं मिळून वर्तमानपत्रातल्या चुका काढतात आणि खूश होऊन घरी येतात. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसाला दुसरा बाक कुठून आणून द्यायचा? त्या पोपड्यावर बाक असेल, असं मला वाटेना.

तर चढवणं भाग होतं. माझी अशी भाबडी समजूत होती की ढगावर चढवायला एखादं बटण असेल. शोधायला बसलो तर बटण नव्हतं, हत्यारं होती. एक नाही, दोन नाही, मी मोजायचं थांबवलं तेव्हा साठ झाली होती. प्रत्येकाचा दावा एकच की, आमच्यासारखं सोपं कोणी नाही. साठ सोप्या गोष्टींतून एक निवडणं इतकं अवघड असतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मी मेव्हण्याला फोन केला. असा फोन करताना स्वाभिमानाचं काय होतं, ते ज्याला मेव्हणा आहे त्यालाच कळेल.

“भावोजी, अगदी सोप्पंय,” तो म्हणाला आणि त्यानंतर दहा मिनिटं नुसती आद्याक्षरं बोलला. मी ‘हो’, ‘हं’, ‘अर्थात’ असं म्हणत राहिलो. शेवटी तो म्हणाला, “किंवा मग ते एका बटणाचं घ्या. लहान मुलंसुद्धा वापरतात.”

‘लहान मुलंसुद्धा’ हा शब्दप्रयोग मी लक्षात ठेवला आहे.

एका बटणाच्या हत्यारानेही आधी एक पत्रक भरून मागितलं. ॲप्लिकेशनचं नाव काय, कोणत्या भाषेत लिहिलं, आणि दार क्रमांक काय; त्याखालच्या आकड्यांच्या ओळी हत्यारानेच भरून ठेवल्या होत्या. ढगावर म्हणे लाखो बिऱ्हाडं असतात. आपल्याकडे येणाऱ्याने नेमकं कुठलं दार ठोठवायचं, तो हा क्रमांक. वर्गात शिकवल्याप्रमाणे मी मोठ्याने म्हणत टाइप करू लागलो, “आठ, शून्य, आठ...”

“आठ-पूज्य-आठ,” खिडकीशी बसलेले बाबा म्हणाले.

बाबा शून्याला अजून पूज्य म्हणतात. माझ्या लहानपणी गणितात ते मला वारंवार मिळे, आणि प्रगतिपुस्तकावर सही करताना बाबा म्हणत, “पूज्य मिळवतोस तू, आणि पत्राच्या मायन्यात पूज्य म्हणतोस मला.” बाबा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधी प्रत्येक ओळ वाचून चुका पकडायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या लाल पेन्सिलीतून लग्नपत्रिकाही सुटल्या नाहीत. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत त्यांनी सात चुका काढल्या, त्यातली एक नवऱ्या मुलाच्या नावात होती.

“काय भरतोयस?” त्यांनी विचारलं.

“पत्रक, बाबा. ढगाचं.”

“छापून दे मला एकदा. नजर टाकतो.”

“बाबा, हे प्रूफ नाही.”

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी आत आले. यांना सगळी इमारत तुलनातक्ता म्हणते. कोणतीही वस्तू घेण्याआधी ते तिचा तुलनातक्ता करतात. इस्त्री घ्यायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत चुरगळलेले कपडे घालून ते इतरांना इस्त्रीवर सल्ले देत होते. माझी बातमी त्यांना जिन्यात बायकोकडून लागली होती.

“घाई करू नका,” खुर्ची ओढत ते म्हणाले. “हत्यार चुकलं की माणूस संपला. लिहून घ्या.”

मी आज्ञाधारकपणे कीबोर्ड मराठीवर टाकला आणि लिहून घेतलं. तेवीस रकाने झाले. वेग, सुरक्षा, विश्वास, ‘बंद पडल्यास कोणाला शिव्या द्यायच्या’ असाही एक रकाना होता. पाऊण तासाने ते म्हणाले, “निष्कर्ष असा, की आत्ता निष्कर्ष काढू नये,” आणि जेवायला वर गेले. मी पुन्हा पत्रकाकडे वळलो. शेवटचं एक शून्य तेवढं राहिलं होतं. ते टाकलं आणि बटण दाबलं.

गोल फिरलं, फिरलं, आणि उत्तर आलं: क्षमस्व, तुमचं ॲप्लिकेशन दारावर उत्तर देत नाही.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा क्षमस्व. अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा त्याने त्याच सभ्यपणे क्षमा मागितली. माणूस एकवेळ शिव्या सहन करील, पण असली सभ्यता नको.

मंगळवारी मेव्हण्याला पडद्याचा फोटो पाठवला. “पत्रक बरोबर आहे,” त्याने कळवलं. “हत्यारच बाळबोध आहे. तुम्ही डबे वापरा.”

डबे म्हणजे असं, की आपलं ॲप्लिकेशन, त्याला लागणारं सगळं सामान, एका बंद डब्यात भरायचं आणि तो डबा जसाच्या तसा ढगावर ठेवून द्यायचा. कल्पना मला पटली. बायको रोज माझा डबा भरते, तो कार्यालयात जसाच्या तसा उघडतो. कधी तक्रार नाही. मंगळवारची सगळी संध्याकाळ मी डबा भरत होतो. सोमवारचंच पत्रक आत ठेवलं. एकदा बरोबर ठरलेली गोष्ट पुन्हा कोण टाइप करतो? झाकण लावलं, डबा चढवला. यावेळी उत्तर लाल अक्षरांत आलं. दारावर उत्तर नाही.

“डबा सांडला का?” बायकोने आतून विचारलं.

“नाही.”

“मग चेहरा असा का?”

मी तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे ढगाचं सांगितलं होतं, पोपड्याचं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. ती खाली बसली. हातातला पोळपाट तिने शांतपणे मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “आणि बाबा?” आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं. बाबा डोळे मिटून बसले होते. मिटलेल्या डोळ्यांना ऐकू येतं, हे मी त्या वेळी विसरलो.

बुधवारी एक निराळंच झेंगट उपटलं. ॲप्लिकेशन कार्यालयाच्या पत्त्यावर उघडायचं, तर माहिती कक्षाची परवानगी हवी. माहिती कक्षात एक बाई आहेत. त्यांनी मला तीन प्रतींतला अर्ज दिला. त्यात पाचवा प्रश्न होता: ‘सदर यंत्रणा कोठे ठेवली आहे? इमारत व मजला लिहा.’

“ढगावर आहे,” मी म्हणालो.

“ते ठीक आहे. मजला कुठला?”

“मॅडम, ढगाला मजला नसतो.”

“रिकामा रकाना चालत नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीसुद्धा बावीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय. मी थोडा विचार करून लिहिलं: ‘वरचा’. त्यांनी वाचलं, समाधानाने शिक्का मारला आणि म्हणाल्या, “आता ढगाच्या मालकाचं ना-हरकत पत्र आणा.” ते कसं मिळवलं, ते विचारू नका. एवढंच सांगतो की साडेचारला त्यांना घरी जायचं होतं, आणि चार वाजून एकोणतीस मिनिटांनी त्यांची स्वतःचीच काही हरकत उरली नाही.

एव्हाना रात्रंदिवस दात आवळून धरल्याने माझी दाढ ठणकायला लागली होती. दंतवैद्याकडे गेलो. त्यांच्या दवाखान्याची स्वतःची वेबसाइट आहे, हे मला माझं तोंड उघडं असताना समजलं. “कुठलं हत्यार वापरताय?” आरसा आत घालत त्यांनी विचारलं. मी “आ” म्हणालो. “छे छे, ते नको,” ते म्हणाले. “तुम्हाला कप्तान लागणार. शेकडो डबे सांभाळणारा. मी तेच घेतलं.” मी बोटाने खूण केली, की माझ्याकडे एकच डबा आहे. त्यांना वाटलं, दुखणारी दाढ एकच आहे. “एक असो नाहीतर बत्तीस,” ते म्हणाले, “मुळापासून करायचं.”

बुडत्याला काडीचा आधार. गुरुवारी रजा टाकली आणि सकाळपासून कप्तानाच्या मागे लागलो. एका डब्यासाठी कप्तान, कप्तानाला मदतनीस, मदतनिसांवर देखरेख करणारा आणखी एक कोणी. माझ्या कार्यालयात जेवढी माणसं नाहीत तेवढी मी त्या ढगावर नेमली. तुलनातक्ता दर तासाला येऊन नवा रकाना सांगून जात होते. दुपारी चारला कप्तानाने अहवाल दिला. चाळीस ओळींचा होता. एकोणचाळीस ओळी त्याने स्वतःची बाजू मांडली होती आणि चाळिसावीत लिहिलं होतं, की दारावर कोणी उत्तर देत नाही.

“हत्यार चुकलं,” तुलनातक्ता म्हणाले.

“हत्यारच चुकलं, भावोजी,” मेव्हणा फोनवर म्हणाला.

“छापून दे रे मला एकदा,” बाबा म्हणाले. “कागदावर जे दिसतं, ते पडद्यावर दिसत नाही.”

आणि मी भडकलो. चार दिवसांचं सगळं त्या एका वाक्यावर निघालं. “बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही! कृपा करून मध्ये बोलू नका!”

तुलनातक्त्यांनी आपला कागद घडी करून खिशात घातला. बाबा नुसतं “हं,” म्हणाले. दोन वर्षं खिडकीशी बसून जसं म्हणायचे, तसंच. त्या संध्याकाळी ते बाकावर गेले नाहीत. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की जेवताना मी मीठसुद्धा मागितलं नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी हार मानली होती. साहेबांना काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत बाबांच्या खोलीत गेलो. पलंगावर एक गठ्ठा होता. बाबांनी त्यांचे दोन सदरे, चष्म्याचं घर, आईचा फोटो आणि छापखान्यातला जाडजूड शब्दकोश सुतळीने बांधून ठेवला होता. गाठी एकदम पक्क्या, छापखान्यात कागद बांधतात तशा.

“माझं बांधून झालंय,” ते म्हणाले. “ऐन वेळी माझ्यामुळे उशीर नको. तिकडे बाक असला तर असला.”

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. मग मागे वळलो, चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानाचं अर्धं उघडलेलं शटर स्वतः हाताने वर ढकललं आणि ते पत्रक छापून आणलं. चूक सापडावी म्हणून नाही. त्या माणसाने पाच दिवस एकच गोष्ट मागितली होती, म्हणून.

“घ्या बाबा,” मी म्हणालो. “बघता का जरा?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहिलं. गठ्ठ्याची गाठ सोडून चष्म्याचं घर काढलं, भिंग काढलं, लाल पेन्सिल काढली. लाकडी पट्टी शेवटच्या ओळीखाली लावली आणि उजवीकडून डावीकडे, उलटं वाचायला लागले.

“बाबा, सुरुवात वर आहे.”

“माहितीये. सुलटं वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की चूक दिसत नाही. मन परस्पर दुरुस्त करून घेतं.” पट्टी एक ओळ वर सरकली. “यातलं मला काही कळत नाही म्हणालास ना? ते बरंच आहे.”

ते टोमणा मारत नव्हते. छापखान्यातला नियम सांगत होते. बायको दारात येऊन उभी राहिली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं; आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पट्टी सरकत सरकत तिसऱ्या ओळीवर आली आणि थांबली. बाबांनी भिंग खाली-वर केलं.

“हा खिळा दुसऱ्या जातीचा आहे,” ते म्हणाले. छापखान्यात अक्षराच्या ठशाला खिळा म्हणतात.

“कुठला?”

“हे पूज्य. दार क्रमांकातलं शेवटचं. सगळ्या कागदावरच्या पूज्यांच्या पोटात ठिपका आहे. याच्या पोटात नाही. आणि बुटकंही आहे.” त्यांनी त्याभोवती लाल गोल काढला. “बाकीची पूज्यं इंग्रजी आहेत. हे आपलं आहे.”

मी भिंग हिसकावून घेतलं. हिसकावूनच म्हणायला हवं, बाबांनी त्याबद्दल पुढे ऐकवलं. इंग्रजी आठ, इंग्रजी शून्य, इंग्रजी आठ, आणि त्यांच्या शेजारी आपलं मराठी शून्य, बुटकं, गोल, निर्विकार. सोमवारची संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून सरकली. घंटा वाजली, तुलनातक्ता आले, मी कीबोर्ड मराठीवर टाकला, तेवीस रकाने लिहिले, ते गेले, आणि उरलेलं एक शून्य मी तसंच टाकलं. एका बटणाचं हत्यार, डबे, कप्तान आणि त्याचा सगळा लवाजमा, सगळ्यांना मी तेच पत्रक चिकटवलं होतं. पाच दिवस मी अंगण बदलत होतो. नाचता मलाच येत नव्हतं.

ते पूज्य खोडलं, इंग्रजी शून्य टाकलं आणि ते लहान मुलंसुद्धा वापरतात ते बटण दाबलं. गोल फिरलं. बायकोने माझा खांदा धरला. तो अजून दुखतोय. हिरवी खूण आली, आणि पडद्यावर माझं ॲप्लिकेशन उघडलं, ढगावरून, खरोखर ढगावरून!

“अगं बाई, उघडलं!” बायको ओरडली, आणि वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तुलनातक्ता येत होते. मी चपला घालून पळालो. दारातून एवढंच म्हणालो, “बाबा, अकराच्या आत हिच्याकडून उघडून घेऊन बघा हो, चालतंय ना ते!”

अकराला पाच कमी असताना मी साहेबांसमोर उभा होतो. दाढ ठणकत होती. साहेबांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, पत्ता घातला. एक क्षण नुसताच पांढरा पडदा. त्या एका क्षणात मी पंपिंग स्टेशनवर खोलीसुद्धा बघून ठेवली. मग निळा मथळा आला.

“उघडलं,” साहेब म्हणाले. आणि लगेच, “अरे वा, एक तक्रार आलीसुद्धा!”

“तक्रार?”

साहेब मोठ्याने वाचू लागले. “तक्रार क्रमांक एक. प्रकार: गळती. तपशील: आपल्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘तक्रार नोदंणी’ असे छापले आहे. ‘नो’वरचा अनुस्वार गळून ‘द’वर पडला आहे. त्वरित दुरुस्ती व्हावी. तक्रारदार: एक निवृत्त मुद्रितशोधक.”

मनात म्हटलं, संपलं! परक्याने बुडवलं असतं तर चाललं असतं. साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मथळा पाहिला, लांब धरला, पुन्हा पाहिला.

“चूक आहे,” ते म्हणाले.

“हो, साहेब.”

“तीन जणांना दाखवलं मी तुमचं हे, तुम्ही सोमवारी दिलेल्या चित्रात. कोणाला दिसली नाही. मलाही नाही.” त्यांनी चष्मा नाकावर घेतला. “हा माणूस कोण?”

“साहेब... माझे वडील.”

नकाशाखाली पडलेला तो पोपडा कोणी उचलला नव्हता. तो साहेबांनी बुटाने भिंतीकडे सारला. “तक्रारीचं निवारण आज संध्याकाळपर्यंत करा,” ते म्हणाले. “आणि सोमवारपासून नव्या जागेवर बसा. वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या वार्षिक अहवालाचं कोणी बघत नाही हो.”

घरी पोहोचलो तेव्हा बाबांच्या खोलीत कोणी नव्हतं. पलंगावर गठ्ठाही नव्हता. शब्दकोश फळीवर होता, आईचा फोटो जागेवर, आणि सुतळीचं व्यवस्थित गुंडाळून भेंडोळं करून ठेवलेलं होतं. मी बायकोला हाकसुद्धा मारली नाही, सरळ कोपऱ्यावर गेलो. चौघे बाकावर होते. बाबा मधे बसून सांगत होते, “ढगालासुद्धा दार असतं. आठ-पूज्य-आठ-पूज्य. पण पूज्य इंग्रजी लागतं.” तिघं माना डोलवत होते.

मला पाहून ते सरकले. मी कडेला टेकलो.

“निवारण झालं?” त्यांनी विचारलं.

“केलं. अनुस्वार ‘नो’वर नेला.” मी खिशातून कागद काढले, सगळीच्या सगळी पानं, चौदा, कार्यालयातून छापून आणलेली. “बाबा, बाकीचंही बघता?”

त्यांनी कागद मांडीवर घेतले, सारखे केले आणि उलटे करून शेवटचं पान वर आणलं. पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं.

“यातलं मला काही कळत नाही हं,” ते म्हणाले.

“म्हणूनच तर,” मी म्हणालो.